'जरबाफ्त' म्हणजे भरतकाम नव्हे

प्रश्न : इराणच्या सफावी राजघराण्याच्या काळातल्या कापडांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'जरबाफ्त' हा शब्द सारखा येतो. मी 'जरीचं भरतकाम' लिहिलं, पण मन घेत नाही.

उत्तर : भरतकाम नको, ताई. शब्दाचं शेपूट बघा. फारसीत 'बाफ्तन' म्हणजे विणणे आणि 'दूख्तन' म्हणजे शिवणे. 'जर' म्हणजे सोनं, ते जरबाफ्त आणि जरदोजी दोन्हीकडे आहेच. 'दूख्तन'वरून आलेल्या जरदोजीत तयार कापडावर सुईनं काम होतं. जरबाफ्तमध्ये सोनं विणीतच असतं, ते काढायचं तर कापडच उसवावं लागेल. पैठणीच्या पदरावरचा मोरही असाच बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यांतून, उमटतो. आपण दोन्हींना सरसकट 'जरीकाम' म्हणतो, आणि विणकराचे श्रम त्या एका शब्दात हरवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं उत्तर : धाग्याचंही नाव लेखात असेल, 'गोलाबतून'. तो म्हणजे आपला कलाबतू! नुसती सोन्याची तार नसते ती. रेशमाच्या दोऱ्याभोवती मुलामा दिलेल्या चांदीची चपटी पट्टी गुंडाळतात. सोनेरी धाग्याला आत पिवळं रेशीम, रुपेरीला पांढरं, म्हणजे पट्टीच्या फटीतून दिसलं तरी रंग मोडत नाही. इतका नेमका शब्द मराठीत असताना 'सोनेरी धागा' कशाला?

प्रश्नकर्ती : कलाबतू आजीच्या तोंडी होता, मला सुचलाच नाही! मग 'जरबाफ्त'ला 'किनखाप' लिहू का?

उत्तर : अर्थाला जवळ आहे, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे बनारस येईल. शिवाय 'कम ख्वाब', म्हणजे टोचतं म्हणून झोप येत नाही, ही किनखापची व्युत्पत्ती देऊ नका. ती लोकांनी मागाहून जुळवलेली. फारसीतला जुना शब्द 'कमखा', आणि त्याचा माग सहसा चीनपर्यंत काढतात. मी 'जरबाफ्त'च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'कलाबतू घालून विणलेलं रेशमी कापड' असं सांगून.

दुसरं उत्तर : 'नक्शबंद'चं 'नक्षीकार' करू नका, एवढी विनंती. नक्षी कागदावर काढून भागत नाही, मागाच्या दोऱ्यांत ती गाठी मारून बांधावी लागते. 'बंद' त्या बांधण्याचा. इराणमधल्या याझ्द शहरच्या गयासुद्दीन अली नक्शबंदानं तर स्वतःचं नावही कापडात विणून ठेवलं आहे.

प्रश्नकर्ती : नक्शबंद तसाच ठेवते. आणि भरतकाम आठ ठिकाणी लिहिलंय, ते आजच खोडते.