मदत हवी आहे: लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये सेपरेशन, फर्थनंतर पुढे काय?

नमस्कार मंडळी, एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या प्रबंधात अडकले आहे. डेटा छोटा आहे: जेमतेम दोनशे नोंदी, त्यात ज्या उत्तराचा अंदाज करायचा ते 'हो' असलेल्या वीसच्या आसपास. एका हो/नाही चलाच्या 'हो' गटात सगळ्यांचं उत्तर 'हो'च आलंय (यालाच सेपरेशन म्हणतात). त्यामुळे आर सॉफ्टवेअरमधलं साधं जीएलएम (लॉजिस्टिक रिग्रेशन बसवणारं फंक्शन) त्या चलाचा सहगुणक १८ च्या वर दाखवतं आणि स्टँडर्ड एरर थेट हजारात!

तो चल काढून टाका असं कृपया सुचवू नका, प्रबंधाचा प्रश्नच त्याच्यावर आहे. आणखी डेटा मिळणार नाही. कॉशी प्रायर (सहगुणक फार मोठा नसेल असं आधीच धरणारं बेजियन गृहीतक) लावून पाहिलं, ठीक चाललं, पण सरांना बेजियन पद्धत नकोय.

मग फर्थची १९९३ ची पेनल्टी, म्हणजे सहगुणक अनंताकडे जाऊ न देणारी दुरुस्ती, लावली (आरचं लॉजिस्टएफ पॅकेज). सहगुणक आटोक्यात आला. वाल्डचं (थेट स्टँडर्ड एररवरून काढलेलं) कॉन्फिडन्स इंटरव्हल अशा ठिकाणी भरवशाचं नसतं, म्हणून ते प्रोफाइल पेनलाइज्ड लाइकलिहूडवरून (पेनल्टीसह लाइकलिहूड किती घटते ते पाहून) काढलं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

अडचण पुढे आहे. सरांना प्रत्येक गटाची अंदाजित संभाव्यताही हवी आहे, आणि फर्थमध्ये ती ०.५ कडे ओढली जाते. माझ्याकडे सरासरी अंदाज प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा स्पष्ट जास्त येतोय. यावर उपाय म्हणून उतार तेच ठेवून फक्त इंटरसेप्ट (स्थिर पद) पुन्हा काढतात, या पद्धतीला फ्लिक म्हणतात; तेही केलं, सरासरी जुळली.

आता सहगुणक फर्थचे आणि संभाव्यता फ्लिकच्या, असं एकाच प्रबंधात चालतं का? आणि त्या संभाव्यतांचं कॉन्फिडन्स इंटरव्हल कसं काढायचं, बूटस्ट्रॅपने (डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन) की दुसऱ्या कुठल्या मार्गाने?