घर विकायचा हक्क कुणाचा? सोलापूरकरांचे अनुभव

सोलापुरात घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा रेटचा. समोरच्याला हे घर विकायचा पूर्ण हक्क आहे का, हे मात्र विसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देऊन झाल्यावर आठवतं. म्हणून ज्यांनी अलीकडे शहरात घर, प्लॉट किंवा फ्लॅट घेतला-विकला त्यांना विनंती केली होती: कोणता प्रश्न अडला, कुणाला विचारलात आणि कोणत्या कागदाने तो सुटला, ते लिहा. माणसांची आणि बिल्डरांची नावं नकोत. आलेले अनुभव असे.

साखर पेठ, जुनं घर विकलं

वडिलांनी यंत्रमागाच्या कमाईतून घर घेतलं. मृत्युपत्र न करता ते गेले. महापालिकेच्या कराच्या बिलावर आम्हा दोघा भावांची नावं लागली आणि घर दोघांचंच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. घेणाऱ्याच्या वकिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "बहिणी किती?" अक्का लग्न होऊन भिवंडीला आहे.

वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत आई, मुलगे, मुली यांचा सारखा वाटा असतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. कराच्या बिलाने मालकी ठरत नाही.

नातेवाईक म्हणाले, बाँडवर अक्काची सही घेऊन नोटरी करा, झालं. वकिलांनी साफ नकार दिला. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे (सरकारी नोंदणी कार्यालयात) नोंदवलेलंच लागतं. आम्ही मात्र हक्क सोडायला लावलाच नाही. अक्का खरेदीखतात विकणारी म्हणून उभी राहिली आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्याच खात्यात गेला. बहिणीची सही घ्यायची आणि साडी नेसवून पाठवणी करायची, ही रीत आता थांबली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

धाकटा भाऊ वडिलांनंतर वारला. त्याचा मुलगा अजून शाळेत आहे. "वहिनींची सही पुरे," असं जो तो सांगत होता. पण अल्पवयीन मुलाच्या नावचा वाटा आईलाही परस्पर विकता येत नाही, न्यायालयाची परवानगी काढावी लागते. वेळ गेला, पण घेणारे थांबले. पुतण्याची रक्कम त्याच्याच नावाने बँकेत राहिली, याचं समाधान मोठं आहे.

शेळगी, प्लॉट घेतला

पहिला प्लॉट स्वस्त होता. शेतजमिनीचे गुंठे पाडलेले, सातबाऱ्यावर नुसता सामाईक हिस्सा, आणि विकणारे म्हणत होते, "एन.ए. (बिगरशेती परवानगी) काय, होऊन जातंय की." मी मंजूर लेआउट (प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा) मागितला, तो नव्हता. हद्दवाढ भागात हे फार आहे. अशा परवानगीविना पाडलेल्या प्लॉटना गुंठेवारी म्हणतात; तिचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेता येते. पण "करून घेता येते" आणि "झालेली आहे" यांत फरक आहे. नियमितीकरणाचा दाखला हातात नसेल तर पुढे बांधकाम परवाना आणि बँकेचं कर्ज दोन्ही अडतं. मी तो प्लॉट सोडला आणि थोडा महाग, पण मंजूर लेआउटमधला घेतला. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. मालकीसाठी मागची खरेदीखतं, फेरफार (नावं बदलल्याच्या महसुली नोंदी) आणि मागच्या 30 वर्षांचे व्यवहार तपासून वकिलांनी दिलेला सर्च रिपोर्ट बघा.

विजापूर रोड, शेळगीच्या ताईंच्या अनुभवात भर

सातबाऱ्याचा "इतर हक्क" हा रकाना जरूर वाचा. सोलापूर हे 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालचं (शहरात एकाला किती जमीन ठेवता येईल याची मर्यादा घालणारा कायदा) शहर होतं. राज्यात तो कायदा 2007 मध्ये रद्द झाला, पण कलम 20 खाली सूट दिलेल्या जमिनींवरच्या अटी त्यामुळे आपोआप गेल्या नाहीत. आमच्या उताऱ्यावर तशी नोंद होती. ती उठवण्याचा खर्च कुणी करायचा, हे आम्ही साठेखतातच (खरेदीआधीच्या करारातच) लिहून घेतलं.

जुळे सोलापूर, नवा फ्लॅट

महारेराच्या (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजूर नकाशे, कोर्टातले दावे आणि ताब्याची तारीख पाहिली. ऑफिसात "बुकिंगला 20 टक्के द्या" असं सांगितलं. नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं शांतपणे सांगितल्यावर त्यांनी करार आधी केला. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला. महिलेच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

पुण्यात नोकरी, दमाणी नगरचा आईचा फ्लॅट

आईनंतर फ्लॅट विकायला काढला. सोसायटीत तिने नेमलेला नॉमिनी मी होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भाऊही वारस, त्याच्या सहीशिवाय विक्री झाली नसती, आणि ती व्हायलाही नको होती.

अशोक चौक, जुनं घर घेतलं

मालक परदेशात, व्यवहार त्यांच्या मेव्हण्यांकडून. नुसतं मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) आणि पैसे यांच्या जोरावर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. खरेदीखत नोंदवावंच लागतं. मुखत्यारपत्र देणारा वारला की साधं मुखत्यारपत्रही संपतं. म्हणून नोंदणीच्या दिवशी सकाळी मालकांशी व्हिडिओ कॉलवर बोललो. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, तेही तपासलं.

होटगी रोड, निवृत्त शिक्षक, फ्लॅट विकला

घेणारे म्हणाले, "सर, थोडं रोखीत घ्या, दोघांचाही फायदा." घरव्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. मी सगळी रक्कम बँकेतून घेतली. किंमत 50 लाखांच्या वर होती, त्यामुळे घेणाऱ्यांनी 1 टक्का टीडीएस (रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून माझ्या पॅनवर भरला. ते प्रमाणपत्र त्यांच्याकडून आठवणीने मागून घ्या. विवरणपत्र भरताना सीएंनी माझ्याकडे आधी तेच मागितलं.