‘रेकनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

पायवाट
तीन दिवस एका शब्दापाशी अडून बसले आहे, म्हणून इथे विचारते.

अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीला जाऊन आले, त्यावर लेख लिहितेय. तिथे २०१८ साली झुंडबळींचं, म्हणजे जमावानं मारलेल्या कृष्णवर्णीयांचं, स्मारक उघडलं. गंजक्या रंगाच्या पोलादाचे आठशेहून अधिक स्तंभ आहेत, एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकेक. त्यांवर मारल्या गेलेल्यांची नावं आणि तारखा. नाव सापडलं नाही तिथे नुसतं ‘अज्ञात’. १८७७ ते १९५० या काळातले ४,४०० हून अधिक लोक. आत शिरताना स्तंभ आपल्या उंचीचे असतात, समोरासमोर. पुढे पायाखालची लाकडी जमीन उतरत जाते, स्तंभ मात्र आहेत तिथेच राहतात, आणि शेवटी ते आपल्या डोक्यावर टांगलेले असतात.

मी मान वर करून एक नाव वाचत होते. शेजारी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई उभ्या होत्या, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, “मान दुखते ना? तेव्हाही लोक असेच मान वर करून बघत उभे असायचे.” मग बोलणं वाढलं. बोलता बोलता म्हणाल्या, हे गाव आता कुठे ‘रेकनिंग’ला बसलंय.

हे वाक्य मराठीत काही केल्या येत नाही. ‘सामोरं जाणं’ लिहिलं तर गाव निवडणुकीला सामोरं गेल्यासारखं वाटतं. ‘हिशेब चुकता करणं’ म्हटलं की थेट सूड. काय लिहू?

जुनं दप्तर
झाडा. झाडा देणे, झाडा घेणे. अस्सल दप्तरी शब्द आहे. कारभाऱ्याकडून जमाखर्चाचा पैन् पैचा खुलासा मागायचे, तो झाडा. त्यात सूड नाही आणि सुटकाही नाही. “हे गाव आता कुठे झाडा द्यायला बसलंय.” घ्या लिहून.

तिरकस
काका, आजच्या वाचकाला झाडा म्हटलं की झाडाझडती आठवते. पोलीस आलेत आणि कपाट उपसतायत असं चित्र उभं राहील.

जुनं दप्तर
राहू दे उभं. वाचकाच्या भीतीनं एकेक शब्द टाकत गेलो म्हणून तर आज ‘रेकनिंग’ विचारायला यावं लागतं.

मीठभाकर
मला त्याआधीचाच शब्द खटकला. ‘झुंडबळी’. बळी देवाला देतात. आणि झुंड? ती जनावरांची. इथे रविवारचे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन लोक बघायला येत होते, फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकत होते. झुंड म्हटलं की कुणा एकाची जबाबदारीच उरत नाही. जमावहत्या म्हणा, निदान हत्या तरी म्हटलं जाईल.

तिरकस
जमावबंदी, जमावहत्या. सरकारी पत्रक वाटतंय. झुंडबळी वर्तमानपत्रांनी रुळवला, तो आता राहणार.

खडू-फळा
पायवाटताई, लेखात ‘रेस’ला काय लिहिलंत? वंश की वर्ण?

पायवाट
वंश. ‘वंशभेद’. का हो?

खडू-फळा
कारण दक्षिण आफ्रिकेला आपण वर्षानुवर्षं ‘वर्णद्वेषी राजवट’ म्हणत आलो. १९९० साली मंडेला सुटले तेव्हा मी सातवीत होतो. सरांनी फळ्यावर ‘वर्णद्वेष’ लिहून अर्थ विचारला, आणि एका मुलानं उत्तर दिलं, “ब्राह्मण, क्षत्रिय वगैरे.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “खाली बस,” एवढंच म्हणाले. तो मुलगा चुकला होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आफ्रिकेत वर्ण आणि अमेरिकेत वंश, हे कसं काय?

जुनं दप्तर
ठरवायचं काही शिल्लक नाही. राज्यघटनेच्या मराठी पाठात कलम १५ बघा: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. रेस म्हणजे वंश, विषय संपला. वंश म्हणजे मुळात बांबू. पेरापेरानं वाढतो, म्हणून पिढ्यांना वंश म्हणू लागले. वर्ण वेगळा. निरुक्तकार यास्कानं तो ‘वृ’ धातूवरून लावलाय. निवडणं म्हणा, झाकणं म्हणा.

तिरकस
म्हणजे वंशाचा दिवा हा खरा बांबूचा आकाशकंदील.

साधी भाषा
वंश आणि वर्ण, दोन्ही पंडितांचे. माझी आजी ‘काळ्या-गोऱ्यांचं भांडण’ म्हणायची आणि ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. ‘कृष्णवर्णीय’ हा तर मखमलीत गुंडाळलेला शब्द. त्या लोकांनी स्वतः १९६० नंतर ‘निग्रो’ टाकून ‘ब्लॅक’ घेतला, तोही छाती पुढे काढून. मग आपण का ओशाळायचं? मराठीत काळा म्हणजे शिवी नव्हे. जमीन ती काळी आई. गावाची शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. अलाबामातल्या त्या पट्ट्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात ना, तेही नाव आधी मातीवरूनच पडलं, माणसांवरून मागाहून.

पायवाट
मातीवरून आठवलं. तिथल्या संग्रहालयात काचेच्या बरण्या मांडल्यात. जिथे जिथे माणसं मारली गेली तिथली माती उकरून आणून भरलीय, बरणीवर नाव आणि तारीख. एकीत लाल माती, दुसरीत करडी, तिसरीत जवळजवळ काळीभोर. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याच्या बरण्या असायच्या, तशा ओळीनं. हे लेखात लिहिलं होतं, मग लोणचं खोडलं.

मीठभाकर
लोणचं खोडू नका.

आणि साधी भाषा, काळी आई ठीक आहे हो, पण काळा बाजार, काळी यादी, काळं तोंड कुठे ठेवू? माझ्या मावशीला बघायला आलेल्यांनी ‘मुलगी सावळी आहे’ असा निरोप धाडला होता, म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं. त्यांनी स्वतःला काळे म्हणणं आणि आपण त्यांना काळे म्हणणं एक नव्हे. शिवाय २०२० पासून तिकडची कित्येक वर्तमानपत्रं ‘ब्लॅक’मधलं बी मोठ्या लिपीत छापतात, मान म्हणून. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही. तो मान कुठून आणणार?

तिरकस
पहिल्या अक्षराला दोनदा शिरोरेघ द्या.

खडू-फळा
मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली: अमेरिकेहून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंगनी हे १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलंय. आधी धक्का बसला, रागही आला, मग विचार करता करता म्हणाले, खरंच, मी अस्पृश्यच आहे. त्या मुख्याध्यापकांनी वंशही म्हटलं नाही आणि वर्णही नाही. शब्दाचं काम झालं.

जुनं दप्तर
प्रसंग सुंदर आहे, पण त्यावरून व्याख्या ठरत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे खुद्द बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलंय. २००१ ला डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जात घ्यायची की नाही यावरून केवढा वाद झाला! शब्दांची सरमिसळ करू नये.

उत्तररात्र
बाबासाहेबांना पुढे करताय तर पुरतं करा. जातीला वंशाचा सिद्धांत लावायला त्यांचा विरोध होता, कबूल. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंची आणि अस्पृश्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे हे सांगितलं आणि तिकडच्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून उचललं. यांतलं कुणी तुमच्या घटनेच्या पाठाची परवानगी मागायला थांबलं नव्हतं.

पायवाटताई, राग मानू नका, पण तुम्ही ‘वंश’ का निवडलात? कोशात आहे म्हणून, की ‘वर्ण’ लिहिला असता तर बोट वळून आपल्याकडे आलं असतं म्हणून?

तिरकस
अहो, ती शब्द विचारायला आलीय, तुम्ही जबानी कसली घेताय!

पायवाट
नाही, विचारू दे.

त्या बाईंशी झालेलं बोलणं मी वर अर्धंच सांगितलं. लेखातही अर्धंच आहे. ‘रेकनिंग’चं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि तुमच्याकडे?” मी म्हटलं, “आमच्याकडे रेस नाही.” इंग्रजीत ते वाक्य अगदी सहज आलं, खरंही वाटलं. त्या माझ्याकडे दोन क्षण बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या आणि आपल्या काउंटीचा स्तंभ शोधायला पुढे गेल्या.

रात्री हॉटेलात मराठीत टिपण काढायला बसले. ‘आमच्याकडे वंश नाही’ असं लिहिलं तर वाक्य विनोदी झालं. ‘आमच्याकडे वर्ण नाही’ असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. इंग्रजीत जे धडधडीत बोलून गेले, ते मराठीत लिहवेना. आमच्या घरी मागच्या दारी एक वेगळा कप असायचा. कान तुटलेला. कुणासाठी, ते आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही, पण चुकून त्यातून पाणी पिऊ नये एवढं पक्कं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी ‘वंशभेद’ लिहून मोकळी झाले. उत्तररात्र, तुमचा अंदाज चुकलेला नाही.

मीठभाकर
हे लेखात घाला. कपासकट.

जुनं दप्तर
घाला. पण शब्द वंशच ठेवा. तुमच्या मनात काय होतं यावर शब्दाचा अर्थ ठरत नाही.

उत्तररात्र
मग कशावर ठरतो, काका?

साधी भाषा
मागच्या दारावरून आठवलं, ‘परसदार’ शब्द आता कुणी वापरतं का? आमच्याकडे परसू म्हणायचे.

जुनं दप्तर
परसू कोकणातलं. परस, परसदार, परसाकडे. शेवटच्याचा अर्थ इथे सगळ्यांना माहीत आहेच.

तिरकस
अमेरिका ते परसाकडे. उत्तम प्रवासवर्णन.

पायवाट
लेख काल दिला. ‘बरं’पर्यंतचं सगळं घातलं, कप आणि लोणचंही. वंशभेद काढून वर्णभेद केलं, जुनं दप्तर काकांची माफी मागून. बाईंच्या वाक्यात झाडा ठेवला होता. संपादकांनी फोन करून सांगितलं की झाडा कुणाला कळणार नाही. तिथे आणि मथळ्यातही परस्पर ‘हिशोब’ टाकलंय.

जुनं दप्तर
हिशोब?! हिशेब!

खडू-फळा
मुळात हिसाब.

साधी भाषा
आमच्याकडे हिशोबच म्हणतात आणि आमच्या वहीवरही तेच लिहिलेलं असतं.