मदत हवी आहे: सोलापुरात राहून नोकरी बदलायची आहे, पण ओळखीच उरल्या नाहीत

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज रात्रीचा कॉल रद्द झाला म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्यातली सात पुण्यात काढली. २०२१मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी जुळे सोलापूरला घरी परत आले. कंपनीने घरून काम करू दिलं, त्याचं मला आजही मोल आहे. पण गेल्या वर्षी कपात झाली, टीममध्ये नवाचे पाच उरलो आणि काम नऊ जणांचंच राहिलं. सकाळी दहाला लॉगिन, रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, त्यात निघालेलं निस्तरेपर्यंत बारा. शनिवारी रिलीज. गेल्या महिन्यात मी रोजचे तास वहीत लिहून ठेवले. एकही आठवडा साठच्या आत बसला नाही.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, बारा-बारा तासांची पाळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१चा अभ्यास मध्यंतरी वाचनात आला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात आहे. वडिलांना झटका कामामुळेच आला असं मी म्हणणार नाही, त्यांना बीपीचा त्रास आधीपासून होता. पण तो अभ्यास वाचला त्या रात्री मी माझी वही पुन्हा उघडून बघितली.

आता कंपनी म्हणते आहे की आठवड्यातून तीन दिवस पुण्यात ऑफिसला या. अंतर अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं म्हटलं तरी एका बाजूलाच चार तास. वडिलांना उठवायला-बसवायला माणूस लागतो आणि आईला एकटीला ते झेपत नाही.

चार महिन्यांत लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरून १४० अर्ज केले. सहा ठिकाणांहून उत्तर आलं, दोन ठिकाणी पहिली फेरी झाली. घरून काम करायची जागा निघाली की तासाभरात तिथे शंभरावर अर्जदार दिसतात. फोन आलाच तर पहिला प्रश्न नोटीस पिरियडचा, म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबावं लागेल याचा. नव्वद दिवस म्हटलं की समोरचा आवाजच बदलतो.

सगळे सांगतात, नेटवर्किंग कर. खरी अडचण तिथेच आहे. या चार वर्षांत मी कामाशिवाय कुणालाही फोन केलेला नाही. जुन्या सहकाऱ्यांच्या लग्नांना गेले नाही, वाढदिवसाचे मेसेज पाहून ठेवून दिले. वेळच नव्हता, हे खरं आहे. पण आता गरज पडल्यावर हात पुढे करायचा तर मनाला लागतं. वडील म्हणतात, "इचारायला कसली लाज गं? अशोक चौकात टपरीवर चहा पिताना कुणीतरी सांगायचं, अमक्याकडे माग रिकामा आहे. तसंच लागायचो कामाला."

तर अशा तुटलेल्या ओळखी पुन्हा कशा जोडायच्या? पहिला मेसेज काय लिहायचा? आणि लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधते आहे अशी खूण, लावली तर माझ्या मॅनेजरला कळेल का?

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात टेस्टिंगच्याच टीमसाठी माणसं निवडते, म्हणून लिहिते.

'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते, ती लावू नका. फक्त रिक्रूटर्सना, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांना, दिसेल असा पर्याय आहे. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही. अर्जदारांच्या आकड्याने खचू नका. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करायचा असेल, तर तो आकडा बटण दाबणाऱ्यांचा असतो. त्यातले कितीतरी जण पुढचा फॉर्म भरतच नाहीत.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मात्र नीट ऐका. २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचा पाच वर्षांचा अभ्यास आला होता. नोकरी मिळायला अगदी जवळच्यांपेक्षा बेताची ओळख असलेली माणसं जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. जवळच्या मैत्रिणीला जे ठाऊक असतं, ते बहुधा तुम्हालाही ठाऊक असतं. टपरीवरचा तो माणूस वडिलांचा कुठे जिवलग होता?

"कुठे काही असेल तर सांग" असं लिहू नका, त्यावर काय करायचं हे समोरच्याला कळत नाही. त्या कंपनीतली नेमकी जागा शोधा, तिचा जॉब आयडी (जाहिरातीतला क्रमांक) द्या आणि "रेफर करशील का?", म्हणजे तुझ्या कंपनीत माझं नाव सुचवशील का, एवढंच विचारा. गेल्या चार वर्षांबद्दल एक खरं वाक्य लिहा, माफीचा परिच्छेद नको. मला असे मेसेज येतात. इतके दिवस कुठे होतीस, असं माझ्या मनातही येत नाही.

प्रतिसाद २

रोज रात्री बारानंतर जागून अर्ज करू नका हो. रविवारी सकाळी दोन तास, तेवढंच. नव्वद दिवसांचं म्हणाल तर, नवी कंपनी नोटीस विकत घेते का, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून तुम्हाला लवकर सोडवते का, हे पहिल्याच फोनवर विचारा. काही कंपन्या घेतात. तुमच्या करारात तशी सोय आहे का, तेही पाहून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल २०१७ साली माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मैत्रिणीला लिहिलं. "वडील आजारी पडले आणि मी सगळ्यांपासून तुटले. तुमच्याकडे ऑटोमेशन टेस्टिंगची एक जागा दिसते आहे, रेफर करशील?" खाली जॉब आयडी दिला. पाठवायच्या आधी वडिलांना वाचून दाखवलं. दहा मिनिटांत तिचा फोन आला, पण मी कॉलवर होते. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करणार आहे.

अजून कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. विशेषतः सोलापुरातून किंवा अशाच लहान शहरातून पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्यांनी. मुलाखतीत घरच्या आजारपणाबद्दल किती सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.