मिसळ दीडशेची होणार म्हणे!

हिशोबनीस
काल शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. लिहिणारे हॉटेलवाले आहेत आणि आपल्या या चर्चामंचावरही लिहितात, म्हणून इथेच उत्तर देतो. पोस्टचं सार असं: किमान वेतन वाढवा म्हणून गळे काढणाऱ्यांनी उद्यापासून मिसळ दीडशेला खायची तयारी ठेवावी, आणि टेबल पुसायला पोऱ्या दिसला नाही तर स्वतः फडकं मारावं. खाली सत्तर अंगठे.

फडकं मारायला माझी ना नाही. हिशेबाला आहे. यांच्याकडे नऊ माणसं कामाला. समजा प्रत्येकाची रोजी ८० रुपयांनी वाढली. झाले दिवसाचे ७२०. चारशे प्लेटा जातात असं हेच मागे अभिमानाने सांगत होते. म्हणजे प्लेटमागे एक रुपया ऐंशी पैसे. नव्वदची मिसळ ब्याण्णवची होईल. वरचे अठ्ठावन्न रुपये कोणाच्या खिशात जाणार आहेत ते पोस्टमध्ये नव्हतं.

तीन वर्षांत हीच मिसळ पासष्टची नव्वद झाली. तेव्हा पोऱ्यांचे पगार वाढले म्हणून झाली का? तेव्हा कोणी पोस्ट टाकली नाही.

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं काढायचं ते सांगून ठेवलंय: माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडं, सरपण वगैरे. आणि २०१९ मध्ये केंद्राने देशभरासाठी जी किमान रोजी धरली ती होती १७८ रुपये. सरकारनेच नेमलेली समिती त्याच वर्षी ३७५ म्हणत होती. १७८ रुपयांत यांच्या हॉटेलात दोन मिसळ येत नाहीत. दोन रुपये कमी पडतात.

गल्लापेटी
ती पोस्ट माझीच. पळून जाणारा नाही.

चारशे प्लेटा रविवारी जातात हो. मंगळवारी दीडशे गेल्या तर मी देवाला नारळ वाढवतो. आता करा भागाकार. आणि ८० रुपये वाढवले की विषय संपला, असं फक्त वहीत होतं. भांडी घासणाऱ्याची रोजी वाढली की त्याच संध्याकाळी आचारी गल्ल्यापाशी येऊन उभा राहतो. बोलत काही नाही. नुसता उभा राहतो. बारा वर्षं रस्सा करणारा माणूस आणि परवा गावाहून आलेला पोरगा यांच्या पगारात शंभराचंच अंतर उरलं, तर तो उद्या समोरच्या हॉटेलात जाणार. आचारी गेला की गिऱ्हाईक त्याच्या मागे. म्हणजे वाढवायचं तर सगळ्यांचं वाढवायचं, खालच्या एकाचं नाही.

शिवाय गॅसची १९ किलोची टाकी आहे, भाडं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा तेलाच्या डब्याचं काय झालं ते आठवा. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यायचा, पण मी मालावर भरलेल्या कराची वजावट मला नाही. आणि घरपोच देणारे ॲपवाले! शंभराच्या बिलात माझ्या हातात किती येतात ते सांगितलं तर तुम्ही रडाल. त्यांच्यावर लिहा की एखादा धागा. तिथे कोणाची टाप नाही. हॉटेलवाला बरा सापडतो.

पोरांना दोन वेळचं जेवण आणि माळ्यावर झोपायला जागा देतो, तेही कोणी मोजत नाही.

हिशोबनीस
मंगळवारच्या दीडशेने भागलं. चार रुपये ऐंशी पैसे. अजून दीडशेला पंचावन्न कमी आहेत. आचाऱ्याला आणि सगळ्यांना दुप्पट वाढवा, तरी मिसळ शंभराच्याच आसपास.

माळ्यावर झोपायला देता ते पहाटे पाचला भट्टी पेटवायला हाकेच्या अंतरावर माणूस हवा म्हणून. ते पगारात धरू नका.

एडिसनकर
या भांडणाचा निकाल आमच्या न्यू जर्सीत बराचसा लागून गेलाय. एप्रिल १९९२ मध्ये इथला किमान दर ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झाला. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात ४.२५ च राहिला. कार्ड आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० बर्गरची दुकानं आधी आणि नंतर तपासली. माणसं कमी झाली नाहीत. खाणं मात्र जर्सीत चारेक टक्क्यांनी जास्त महागलं. कार्डला २०२१ मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर तोवर गेले होते. पुढे दुसऱ्या दोघांनी पगारपत्रकं काढून हे खोडायचा प्रयत्न केला, तो वाद वेगळा. पण दीडपट भाव कोणालाच सापडला नाही.

गल्लापेटी
आलं अमेरिका! तिकडे दुकानात पगारपत्रक असतं. इथे सोमवारी आलेला पोऱ्या गुरुवारी जत्रेला म्हणून जातो तो दिवाळीनंतर उगवतो.

एडिसनकर
फार हुरळू नका. इथल्याच एका देशी हॉटेलात मी विद्यार्थी असताना शनिवार-रविवार भांडी घासली आहेत. रोख पैसे, कायद्याच्या निम्म्या दराने. मालक आपलाच, मराठी. गणपतीला स्टेजवर सत्कार असायचा त्यांचा. कागदावरचा दर काय आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

बांधावरचा
मिसळीवर किती दळण दळताय राव. उसाचं बोला की.

जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर टनाला २७३ वरनं ३६६ झाला. ३४ टक्के. करार मुंबई-पुण्यात, फोटो सगळ्या पेपरात. आता माझं ऐका. एकरी ४० टन ऊस. टनाला ९३ रुपये वाढले म्हणजे एकरी ३,७२० रुपये. हे कुणी दिले? कारखान्यानं? तो तोडणी-वाहतूक आमच्या एफआरपीतनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या भावातनंच कापतो. साखर खाणाऱ्यानं? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ केला, करार झाला तेव्हा पण ३१ च होता. म्हणजे मजुरी वाढली, साखर हलली नाही, आणि मधल्या मधी माझा खिसा कापला. हिशोबनीस साहेबांच्या भागाकारात ऊसवाला कुठल्या रकान्यात बसतो?

वर तोडणीची टोळी फडात आली की खुशाली म्हणून वरचे पैसे द्यायचे, ड्रायव्हरला एंट्री म्हणून वेगळे. नाही दिली तर ऊस तुरा येईस्तोवर उभा. आणि भांगलणीला बाई मिळत नाही ते वेगळंच. जुलै २०२४ पास्नं लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० सुरू झाले, आता कोण येतंय उन्हात?

फडकरी
पंधराशे भागिले तीस, पन्नास रुपये. दिवसाला पन्नास मिळाले म्हणून बायका तुमच्या शेतात येईनाशा झाल्या असतील, तर तुम्ही काय रोज देत होता हे आधी सांगा.

आणि खुशालीबद्दल बोललात म्हणून लिहितो. नाहीतर या धाग्यात पडणार नव्हतो. माझे आईवडील कोयत्यावर होते. बीडहून दिवाळी झाली की निघायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे शहरवाल्यांसाठी. दोन माणसं, पण मोजायचं एकच. पहाटे तीनला फडात. बाप तोडायचा, आई पाचट काढून मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. ती फळी दवानं ओली असायची. मी नऊ वर्षांचा असताना खाली उभा राहून तिचे पाय बघायचो, घसरतात का म्हणून.

चांगल्या दिवशी दोघं मिळून दोन टन. आजच्या ३६६ ने धरा, ७३२ रुपये. दोघांत. माणशी ३६६, आणि तास मोजायचे नाहीत. काट्यावर वजन किती भरलं ते आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळायचं. ताप आला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर, चढवायचे. म्हणजे आजारी पडल्याचा दंड. उचल फिटली असं माझ्या आठवणीत एकदाच झालं, त्या वर्षी आईनं मला बूट घेतले.

तुमचे ३,७२० गेले हे खरं असेल. पण ते माझ्या बापाने नेले असं बोलू नका.

बांधावरचा
तुमच्या बापानं नेले असं मी कुठं म्हणलो? शब्द तोंडात घालू नका. माझी आई पण दुसऱ्याच्या बांधावर खुरपत होती, एकटे तुम्हीच गरिबीतनं आला नाहीत.

दोन वर्षांमागं एका मुकादमाला सहा लाख उचल दिली. टोळी आलीच नाही, फोन बंद. पोलिसात गेलो तर तिथं माझ्यासारखे अकरा जण बाकावर बसलेले. ट्रॅक्टरचा हप्ता अजून भरतोय. त्याचं किमान वेतन कुठल्या कायद्यात बसतंय?

फडकरी
मुकादमाने तुम्हाला बुडवलं, त्यानेच आम्हाला बुडवलं. आमच्याकडे सांगायचा शेतकऱ्याने पैसे दिले नाहीत, तुमच्याकडे सांगत असेल टोळी पळाली.

बांधावरचा
हां, हे एवढं बरोबर बोललात.

खजिनदार
ऊस, लाडकी बहीण, नोबेल. कुठे चाललाय धागा? मी आमच्या सोसायटीचा चार वर्षं खजिनदार आहे, फुकट, आणि शिव्या वर. वॉचमनचं सांगतो. एजन्सीने दर वाढवून मागितला, कारण काय तर किमान वेतन वाढलं. माणशी अठरा हजारांचे एकवीस केले. मेंटेनन्स वाढवला, तर सर्वसाधारण सभेत एक निवृत्त गृहस्थ माझ्या अंगावर धावून आले. म्हणजे दर वाढतातच की. हिशोबनीसांनी एकदा आमच्या सभेला यावं.

हिशोबनीस
येतो, चहा असेल तर. फक्त एक विचारतो. एकवीस हजारांपैकी वॉचमनच्या हातात किती पडतात?

खजिनदार
ते एजन्सी बघते. आमचा संबंध बिलाशी.

(थोड्या वेळाने) खाली जाऊन विचारून आलो. तेरा. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी नाही, रिलिव्हर आलाच नाही तर सलग चोवीस. अठराचे एकवीस झाले तेव्हाही त्याचे तेराच होते. खात्यात जास्त जमा होतात म्हणाला, पण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असतं. तो काढून घेतो आणि उरलेले रोख देतो. मला हे आज कळलं. चार वर्षं त्याच गेटमधून ये-जा करतोय.

गल्लापेटी
बघा! मी माळ्यावर झोपायला देतो तर मी राक्षस. इथे सुशिक्षित सोसायटी माणशी आठ हजार एजन्सीला चारतेय. माझ्याकडे पगार एक तारखेला, हातात, मधे कोणी नाही.

हिशोबनीस
हे मात्र गल्लापेटींचं बरोबर आहे. लिहिताना बोटं दुखली, पण बरोबर आहे.

खजिनदार, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय. पूर्वी कायद्याच्या यादीतल्या (अनुसूचीतल्या) धंद्यांनाच किमान वेतन होतं, आता सगळ्या कामगारांना. पण तुमच्या वॉचमनला जुन्या कायद्यातही होतंच. दर मंत्रालयात वाढला, बिल तुमच्याकडे वाढलं, आणि वाढ मधल्या मधे मुक्कामाला राहिली. पुढच्या बिलासोबत वॉचमनचा पीएफ भरल्याचं चलन मागा.

आणि बांधावरचा, उसाचं मान्य. साखरेचा भाव वर हलायला तयार नव्हता, कारखाना स्वतःचा वाटा सोडायला तयार नव्हता, म्हणून ओझं तुमच्यावर आलं. माझी वही तिथे चुकली. मिसळीला चुकलेली नाही.

बांधावरचा
मान्य करून एकरी किती मिळतंय?

खजिनदार
एजन्सीला फोन केला. साहेब, चलन मागाल तर दर बदलावा लागेल म्हणाला. वाढवून की कमी करून, विचारलं. फोन ठेवला. आता नवी एजन्सी शोधायची म्हणजे परत सभा, परत ते निवृत्त गृहस्थ.

फडकरी
वॉचमनला तेवढं विचारा, एजन्सी बदलली तर त्याची नोकरी राहते का. आमच्याकडे मुकादम बदलला की जुन्याची उचल नवीन मुकादम भरायचा, आणि आम्ही त्याचे व्हायचो.

गल्लापेटी
चार दिवस तुम्ही लोकांनी डोकं खाल्लंत. आज भांडीवाल्या पोराची रोजी ४० रुपयांनी वाढवली. पाटीवर मिसळ ९५ केली. आता बोंबला.

हिशोबनीस
पोराला ४०. मंगळवारच्या दीडशे प्लेटांवर पाच-पाच रुपये म्हणजे ७५०. उरलेले ७१० कोणाचे?

गल्लापेटी
आचारी उभा आहे ना गल्ल्यापाशी. रविवारी या, वही घेऊनच या. दाखवतो. बिल मात्र द्यायचं, ९५ प्रमाणे.