मदत हवी आहे: मेझो-सोप्रानो, खालचे सूर आणि हाबानेरा

इथे कोणी ऑपेरा गायकी शिकलंय का? मी मेझो-सोप्रानो (म्हणजे बायकांचा मधल्या पट्टीचा आवाज), आधी बरीच वर्षं ख्याल शिकलेय, सध्या बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरामधलं (१८७५) हाबानेरा, म्हणजे कार्मेनचं गाणं, बसवतेय. त्याची सुरुवातच वरच्या डी वरून अर्ध्या अर्ध्या सुराने खाली उतरते ती थेट मिडल सी (पियानोच्या मधोमधचा सूर) शेजारच्या डी पर्यंत, आणि नेमकं एफ-ई च्या आसपास माझा आवाज धाडकन चेस्टमध्ये (छातीतल्या जाड आवाजात) पडतो, एकदम दुसरीच बाई गायला लागल्यासारखा. चेस्ट टाळला तर नुसती हवा. त्यात मींडची सवय, त्यामुळे सूर सुटे न लागता सगळं ओघळतं, टीचर म्हणतात लेगाटो (सूर न तोडता जोडून गाणं) हवा पण घसरण नको. लिप ट्रिलवर (ओठ फुरफुरवत गाताना) छान जुळतं हो, पण शब्द आले की परत तेच, फ्रेंचच्या नाकातल्या स्वरांवर तर विचारूच नका. मिक्स (चेस्ट आणि वरचा हलका आवाज यांचं मिश्रण) पक्का व्हायला तुम्ही काय केलंत?

आणि भाव कसा आणायचा? चेलोचा ठेका एकसारखा चालूच असतो, त्यावर शब्द जरा मागे ओढायचे का? कंबरेवर हात ठेवून मादक बघणं मला जमत नाही, पटतही नाही. माइक नसतो हे धरून सांगा प्लीज, नुसतं 'रियाज वाढव' नको.