सफी फाय: कार्डावर अभिनेत्री लिहायचं की फक्त दिग्दर्शिका? (ठाण्यातल्या फिल्म ग्रुपसाठी मदत हवीये)

घोडबंदरची_मीनल

मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईची आहे.

आमचा नौपाड्यात दहा-बारा जणांचा फिल्म ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतो, सिनेमा बघतो, मग चहा आणि भांडणं. या वेळी पाळी माझी. मी हौसेने सांगून बसले की सेनेगलची सफी फाय घेते, कारण मागे कधीतरी वाचलं होतं की शाळेत शिकवणारी एक बाई फ्रेंच माणसाच्या सिनेमात काम करते आणि मग स्वतःच कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहते, तेवढंच डोक्यात राहिलेलं. ग्रुपमधल्या काकांनी लगेच व्हॉट्सअॅपसाठी कार्ड बनवलं, गुलाबी बॅकग्राउंड, चार कोपऱ्यांत चार कमळं आणि मध्ये "ज्येष्ठ अभिनेत्री व दिग्दर्शिका". झालं. दोन दिवस ग्रुप पेटलाय. एक जण म्हणतो तिने अभिनय केलाय कुठे एवढा, अभिनेत्री काढा. दुसरी म्हणते पडद्यावर काम केलं म्हणजे अभिनेत्रीच, उगाच कशाला काढायचं. मला दोन्ही पटतंय.

तर एक, कार्डावर काय ठेवू? दोन, कुठला सिनेमा लावू, कॉपीचं माझं मी बघते. आणि तिसरं म्हणजे आमच्यातल्या निम्म्या लोकांना सेनेगल म्हणजे फक्त फुटबॉल, त्यांना पहिल्या दहा मिनिटांत झोप येऊ नये म्हणून काय सांगू?

कळव्याचा_रीळवाला

कार्ड राहू द्या, कमळं तेवढी काढा.

बाई १९४३ च्या, जन्म डाकारचा पण घराणं मूळचं फादजाल गावचं, डाकारच्या दक्षिणेला, सेरेर समाजाचं. डाकारमध्ये मास्तरीण होत्या. १९६६ ला तिथे कृष्णवर्णीयांच्या कलांचा जागतिक महोत्सव भरला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी, त्यांचं ते लाडकं काम. त्यात यांची झां रूशशी ओळख झाली. रूश म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ आणि सिनेमावाला, दोन्ही, नायजरमध्ये वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. त्याने यांना 'पती आ पती' मध्ये घेतलं, तो १९७१ ला आला. त्यात नायजरमधला एक कंपनीवाला पॅरिसला जातो, का तर त्याला आपल्याकडे मजल्यांची इमारत बांधायचीये आणि असल्या उंच घरांत माणसं राहतात कशी ते आधी बघून यायचंय. तिथे तो रस्त्यात फ्रेंच लोकांना थांबवून त्यांच्या डोक्यांची मापं घेतो, गोरे संशोधक आफ्रिकेत घ्यायचे तशी, आणि तेही बिचारे गुपचूप उभे राहतात. फाय यात पॅरिसमध्ये भेटणाऱ्या मुलीच्या कामात आहे, पात्राचं नावही सफीच.

आता तुमच्या ग्रुपचं भांडण. त्यानंतर बाई पॅरिसला मानववंशशास्त्र शिकल्या, लुई ल्युमिएरच्या नावाच्या शाळेत सिनेमा शिकल्या आणि १९७२ ला पहिली फिल्म केली, 'ला पासांत', दहाएक मिनिटांची, आणि तिच्यात कॅमेऱ्यासमोर कोण, तर स्वतःच. पॅरिसच्या रस्त्याने एक परकी बाई चाललीये, एक फ्रेंच आणि एक आफ्रिकन असे दोन पुरुष तिच्याकडे बघतायत आणि दोघांच्या डोक्यात आपापला पिक्चर सुरू. म्हणजे रूशच्या सिनेमात दुसऱ्याने बघितलेली सफी आणि इथे कोण कसं बघतं तेच दाखवणारी सफी. अभिनय मोजून थोडका आहे, मान्य, पण तो काढून टाकलात तर पुढचं सगळं हवेतून आल्यासारखं वाटेल. म्हणून म्हणतो, राहू द्या.

सिनेमा लावायचा तर 'काद्दू बेकात', १९७५, ब्लॅक अँड व्हाईट.

पामबीचचा_पम्या

कद्दू?? भोपळ्यावर सिनेमा आहे काय 😂

कळव्याचा_रीळवाला

पम्या, वोलोफ भाषा आहे ती. काद्दू म्हणजे बोल, आवाज. शेतकऱ्याचा आवाज, असं नाव आहे. आणि पीक भोपळ्याचं नाही, भुईमुगाचं.

गोष्ट छोटी आहे. न्गोर नावाच्या पोराला कुंबाशी लग्न करायचंय, तिकडे मुलाने मुलीकडच्यांना द्यायचं असतं, आणि दुष्काळामुळे भुईमूग बुडालाय त्यामुळे पैसे नाहीत. तो डाकारला कामाला जातो, तिथे लोक त्याला राबवून घेतात, शेवटी परत गावी. बास. पण गोष्टीपेक्षा मधलं जे आहे ना ते बघा, झाडाखाली बसलेले म्हातारे. कर, बियाण्याचं कर्ज, सरकारी भाव यावर ते अगदी शांतपणे बोलतात, आवाजसुद्धा चढत नाही. कुणीही नट नाही, सगळी गावातली माणसं, दिग्दर्शिकेचे आजोबा पण आहेत त्यात, आणि शूटिंगनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. सिनेमा पत्रासारखा आहे, बाईंच्या आवाजात, आणि शेवटी त्या सांगतात की पत्र माझं, बाकी सगळं माझ्या शेतकरी घरच्या माणसांचं. सेनेगलमध्ये त्यावर बंदी आली आणि बर्लिनच्या महोत्सवात १९७६ मध्ये समीक्षकांचं बक्षीस मिळालं. घरचं कुसळ बाहेरच्यांना मुसळ दिसलं म्हणा किंवा उलटं.

दाणाबाजार_सेक्टर१९

मी सिनेमातला नाही, वाशीला एपीएमसीत दाणा बाजारात आमचा गाळा आहे, पण भुईमूग म्हटलं म्हणून आलो.

सेनेगलचं मला माहिती आहे ते धंद्यामुळे. फ्रेंचांनी तिथे भुईमूग लावून घेतला तो तेलासाठी, मार्सेय आणि बोर्दोच्या गिरण्यांना तेल पाहिजे होतं, साबणाला पण तेच. मग जिथे बाजरी-ज्वारी खायला पिकायची तिथे शेंगा आल्या आणि खायचा तांदूळ बाहेरून यायला लागला. फ्रेंच गेले १९६० ला पण पीक तेच राहिलं, फक्त घेणारा सरकारी मंडळ झाला, बियाणं उधारीवर तो देणार, माल तोच घेणार, भाव तोच सांगणार. त्यात सत्तरच्या सुरुवातीला तिकडे सगळ्या पट्ट्यात मोठा दुष्काळ. आता वरच्या भाऊंनी सांगितलेली गोष्ट परत वाचा, लग्न का अडलं ते कळेल.

आमचं मूळ धुळ्याकडचं. आजोबा पेरणीच्या आधी एकाकडून उचल घ्यायचे आणि शेंग निघाली की त्यालाच घालायची, भाव तो म्हणेल तो. आजोबा पोत्यात हात घालून मूठभर शेंगा काढायचे आणि कानाशी हलवायचे, खुळखुळ वाजली की वाळली, नाही वाजली की अजून ओल आहे. घेणारा पण हलवायचा, त्याला मात्र कायम ओलच ऐकू यायची आणि तेवढी वजनात कापून घ्यायचा. ताई, तुमच्या लोकांना फुटबॉलऐवजी हे सांगा, झोप नाही येणार.

नेरूळ_सेकंड_इंजिनिअर

डाकारला तीनदा जाऊन आलोय, आपल्याकडे खतासाठी फॉस्फोरिक अॅसिड तिथून येतं, त्याच्या टँकरवर होतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, पोर्टाबाहेर बायका शेंगदाणे विकतात, वाळूत भाजलेले, आपल्या चौपाटीवर असतात तसेच हुबेहूब, छोट्या पुडीत. मी पहिल्यांदा घेतले तेव्हा बाईने इंडियन का विचारलं आणि हो म्हटल्यावर पोराला हाक मारून आणलं, तो आला आणि त्याने हिंदी गाणं म्हणून दाखवलं, अर्थ शून्य पण सूर पक्का. तिकडे जुन्या हिंदी सिनेमांचं प्रचंड वेड आहे. म्हणजे ते आपले सिनेमे पाठ करून बसलेत आणि आपल्याला त्यांच्या एका बाईचं नाव सांगायला थ्रेड काढावा लागतो.

दोन, आडनाव फायच म्हणा, 'फाये' 'फेय' काही नाही. आमच्या गँगवेवरचा वॉचमन फायच होता, सेरेर लोकांत लई कॉमन आहे म्हणे.

स्नेहल_खारघर

सगळं छान पण "पहिली आफ्रिकन स्त्री दिग्दर्शिका" असं काही बोलू नकोस गं मीनल, लोक सर्रास लिहितात तसं. कॅमेरूनच्या तेरेझ सिता-बेला यांची छोटी फिल्म १९६३ ची आहे. सारा माल्दोरोर यांचा अंगोलावरचा सिनेमा १९७२ चा आहे, पण त्या जन्माने फ्रान्सच्या. फायबद्दल नीट वाक्य असं की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकन बाईने केलेला आणि रीतसर व्यावसायिक वितरण झालेला पहिला मोठा सिनेमा त्यांचा. लांबडं आहे पण खरं आहे.

आणि मला 'काद्दू बेकात' पेक्षा त्यांचाच 'मोसान' लावावासा वाटतो. चौदा वर्षांची मुलगी, गावात सगळ्यात देखणी, घरच्यांनी लहानपणीच परदेशात पैसे कमावणाऱ्याला देऊन ठेवलीये आणि हिचं मन एका गरीब विद्यार्थ्यावर. शेवट सांगत नाही. शूटिंग १९९० ला झालं आणि निर्मात्याशी कोर्टबाजीत अडकून पडद्यावर यायला १९९६ उजाडलं, फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला तेव्हा. सहा वर्षं. विचार कर, पन्नाशीतली बाई, स्वतःचा सिनेमा तयार आहे आणि दाखवता येत नाहीये. त्यानंतर मोठा सिनेमा नाहीच झाला त्यांचा.

मला हे वाचताना सारखी सुमित्रा भावेंची आठवण येते. त्याही सिनेमा शिकून नाही आल्या, समाजशास्त्रातून आल्या, अभ्यास करता करता वाटलं की ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना वाचताच येत नाही तर उपयोग काय, आणि १९८५ ला 'बाई' केली. फाय पण बघ, सिनेमे करत करत १९७९ ला डॉक्टरेट घेतली मानववंशशास्त्रात, आणि त्याच वर्षी स्वतःच्या गावाच्या नावाचा 'फादजाल' आला. आधी आपल्या लोकांना नीट विचारायचं आणि मग कॅमेरा काढायचा अशी ही जात दिसते.

कळव्याचा_रीळवाला

स्नेहल, सर्रास वाक्याचं बरोबर बोललात. 'मोसान' बद्दल मात्र असहमत. सुंदर आहे, रंग तर विचारू नका, पण प्रेम, सक्तीचं लग्न, समुद्रकिनारा, आमच्या लोकांना ओळखीचं वाटेल आणि ओळखीचं वाटलं की लोक बघणं थांबवतात. 'काद्दू' ला बसायला लागतं. 'फादजाल' पण विसरू नका, २०१८ ला नवी प्रिंट करून कानला जुन्या सिनेमांच्या विभागात दाखवला होता, त्यात म्हातारा गावाचा इतिहास पोरांना तोंडी सांगतो.

कोपरीची_अनघा

थोडं विषयांतर. ग्रुपला नुसती अभिनेत्रीच हवी असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्याच नायजरची झलिका सुले बघा. १९६६ ला एका काऊबॉय सिनेमातून सुरुवात, हो काऊबॉयच, टोप्या घातलेली गावातली पोरं आणि त्यांच्यात ही. पुढे उमारू गांदा या दिग्दर्शकाच्या सिनेमांत दिसली, त्यातल्या एकाला १९७२ ला आफ्रिकन सिनेमांच्या वागाडूगूच्या महोत्सवात पहिलं मोठं बक्षीस मिळालं. आफ्रिकेतली पहिली व्यावसायिक सिनेनटी म्हणतात तिला. पण वाईट बाईच्या भूमिका केल्या म्हणून लोक खऱ्या आयुष्यात पण तसंच बोलायचे, आणि पुढे हलाखीत दिवस काढायची वेळ आली. २०२१ ला गेली. फाळक्यांच्या वेळी नटी मिळेना, शेवटी १९१३ ला दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या, त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते हिच्याबद्दल वाचताना डोळ्यासमोर येतं.

फाय यांना हे माहीत असणारच की, कॅमेऱ्यासमोरच्या बाईचं काय होतं ते. मग मागे गेल्या त्यात नवल काय.

पामबीचचा_पम्या

मी भोपळा म्हणून गेलो आणि इथे शाळा भरली. येतो मी पण बघायला, चालेल का? पामबीचवरून नौपाडा लांब नाही.

घोडबंदरची_मीनल

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू थँक्यू. पम्या ये, पण जोक चहाच्या वेळी.

ठरलं ते असं, 'काद्दू बेकात' लावतेय, स्नेहल तुझा 'मोसान' दिवाळीनंतर. सुरुवातीला भाषण नाही, दाणाबाजारवाल्या दादांच्या आजोबांची शेंग हलवायची गोष्ट सांगते, चालेल ना दादा? फाय २०२३ च्या फेब्रुवारीत पॅरिसला गेल्या, ते शेवटी सांगेन, आधी सांगितलं की सगळे उगाच गंभीर चेहरे करून बसतात.

काकांशी पण बोलले. कार्डावर आता "शिक्षिका, अभिनेत्री, दिग्दर्शिका" असं आलंय, मास्तरीण शब्द त्यांना चालला नाही, ते स्वतः रिटायर्ड मास्तर आहेत म्हणून. कमळांवर मात्र हटत नाहीत.

दाणाबाजार_सेक्टर१९

चालेल की, आजोबा खूश होतील. दोन किलो शेंगा पाठवतो गाडीबरोबर. कच्च्या की भाजलेल्या?

घोडबंदरची_मीनल

कच्च्या पाठवा. आधी सगळ्यांना कानाशी हलवायला देते. वाळूचं काका बघतायत, कुठूनतरी घमेलं पण आणलंय.